रसेलच्या गाडीचा कॅम

काल दुपारी पेटोनच्या बीचवर आमच्या मातोश्री एका लाल हॉट रॉडमधून उतरल्या. बोनेटमधून इंजिन वर आलेली, बघणाऱ्याने मान वळवून बघावी अशी गाडी... आणि त्यांच्या अंगावर नऊवार नाही, पण सहावार साडी, वर माझं फ्लीस जॅकेट आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला!

हे कसं झालं ते सांगतो. त्यात माझीच चांगली फजिती आहे, पण असो.

रसेल म्हणजे लोअर हट या आमच्या इथल्या गावातला शेजारी. बावीस वर्षं हा माणूस गॅरेजमध्ये ती गाडी बांधतोय... मोठं व्ही-एट इंजिन, त्याच्यावर सुपरचार्जर. २०१५ ला आम्ही इथे राहायला आलो आणि तेव्हापासून दर शनिवारी मी त्याच्याकडे पडीक. आधी नुसते पाने पुसून द्यायचो, हळूहळू इंजिनाला हात लावायला मिळाला.

पुढच्या एप्रिलमध्ये रसेल पंचाहत्तर वर्षांचा होईल. त्या वयाला इथे लायसन्ससाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते मिळेलच याची त्याला खात्री नव्हती. त्याआधी एक अख्खा उन्हाळा, म्हणजे इथला डिसेंबर ते फेब्रुवारी, ही गाडी स्वतः चालवायची, एवढीच त्याची इच्छा.

सगळं झालं होतं, फक्त कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम, निवडायचा राहिला होता. इंजिनाचे व्हॉल्व कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे तो दांडा ठरवतो. रसेल म्हणाला, "तूच निवड, मेट. इंजिनियर तू आहेस."

झालं! आम्ही लगेच हवेत. तीन आठवडे फोरम वाचले, एक्सेल शीट केली... लहानपणी आपल्याला शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायचे ना, त्याच हिशोबाने मी यादीतला सगळ्यात मोठा कॅम काढला. जास्त हवा, जास्त पॉवर, कमी कशाला घ्या? शिवाय मोठ्या कॅमचं इंजिन उभ्या गाडीत जे धडधडतं, ते यूट्यूबवर ऐकून मी पार वेडा झालो होतो.

कॅम घासून देणारे एक आजोबा ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनमध्ये आहेत. त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, गाडीचा वापर कशासाठी? मी बिनधास्त लिहिलं, रेसिंग... अहो, ती गाडी जाणार होती पेटोनला आइस्क्रीम खायला!

बुधवारी आजोबांचा ऑफिसात फोन आला. त्यांचं म्हणणं असं की सुपरचार्जर हवा आधीच कोंबतो. एवढा मोठा कॅम घातला तर हवा आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहून त्यातली बरीच हवा सरळ सायलेन्सरवाटे बाहेर जाईल. वर सिग्नलला गाडी धक्के देणार, पुढे ओढत राहणार आणि ब्रेकवर नेहमीपेक्षा जास्त जोर द्यावा लागणार.

मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवणार कोण? हातपाय कसे आहेत त्याचे?" मी म्हटलं, रसेल ना, एकदम फिट, स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास. "शनिवारपर्यंत विचार कर, मग घासायला घेतो," म्हणाले. मला रागच आला. माझी एक्सेल शीट काय खोटी होती?

शनिवारी आई थर्मास घेऊन माझ्याबरोबर आली. सप्टेंबरपासून ती आमच्याकडे राहायला आलीये. चाळीस वर्षं तिने चिंचवडला बायकांचे ब्लाउज शिवले. समोरची बाई काय सांगते त्याकडे तिचं लक्ष कमी, खांदा कुठे उतरलाय ते आधी बघते.

मी रसेलचा मग भरला. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि अर्धा चहा परत थर्मासमध्ये ओतला. "भरून काय देतोस? त्याचा हात बघ जरा."

मी बघितलं. रसेलने तो मग दोन्ही हातांनी धरला, तरी आतला चहा हलत होता.

आणि मग एकेक आठवायला लागलं... "हा बोल्ट तू आवळ, माझा चष्मा घरी राहिलाय." "ही वायर तूच लाव, शिकशील." किती महिने हे चाललं होतं! मला वाटायचं, तो मला शिकवतोय.

मी सरळ विचारलं. हात असा होऊन दोन वर्षं झाली, तो म्हणाला, डॉक्टरने अजून गाडी चालवायला नाही म्हटलेलं नाही, पण जोर कमी झालाय. "तू त्या मोठ्या कॅमवर इतका खूश होतास... सांगायला जीव होईना."

माझे डोळे भरून आले. आईला इंग्रजी कळत नाही, पण ती म्हणाली, "आधी चहा पी म्हणावं त्याला."

तिथूनच मी आजोबांना फोन लावला. फॉर्म खोटा भरला होता, हे कबूल केलं आणि सगळं खरं सांगितलं. वय चौऱ्याहत्तर, हात थरथरतो, ऑटोमॅटिक गिअर, रविवारचं आइस्क्रीम. आजोबा म्हणाले, "आता मला काम करता येईल." आठवड्याभरात त्यांनी लहान, सौम्य कॅम घासून पाठवला.

काल रसेलने गाडी काढली. शेजारी आई, मागून माझ्या गाडीतून मी, जीव मुठीत धरून. प्रत्येक सिग्नलला ती लाल गाडी गुणी बाळासारखी उभी राहिली.

बीचवर पोचल्यावर रसेलने इंजिन चालूच ठेवलं. आईने थर्मास उघडला, रसेलचा मग काठोकाठ भरला आणि मडगार्डवर ठेवला. चहावर बारीक तरंग उठत होते, पण एक थेंब सांडला नाही. रसेल त्या मगाकडे कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

त्या आजोबांचे आभार, माझ्या फॉर्मवर विश्वास न ठेवल्याबद्दल. आणि आईचे... तिचे आभार मानले तर ती म्हणेल, चल, काहीतरीच तुझं.

तिचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं. आज सकाळी ते मार्चपर्यंत पुढे ढकललं. रसेलने काल जाताना विचारलं होतं, उन्हाळाभर शेजारच्या सीटवर ती बसेल का म्हणून.