कमान काढली, पट्टा बांधला

सगुण गावस कुठल्याही यंत्रावर बसण्याआधी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो. टायर दाबतो, नट चाचपतो, खाली वाकून पात्यात काही अडकलंय का ते बघतो. हळर्ण्यात त्याची यावरून थट्टा होते. "सगुणान प्रदक्षिणा घातली, आता तीर्थप्रसाद वाटतलो," असं लोक म्हणतात. तो हसतो आणि फेरी पुरी करतो. बावीस वर्षं त्याने हळर्ण-पार्सेच्या शेतांत दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चिखलात घातले आणि धड बाहेर काढले, ते या फेऱ्यांच्या जोरावर. अशा माणसाला बेफिकीर ठरवायला निघालेली शहाणी मंडळी मी पाहिली, म्हणून हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी पार्सेच्या डोंगराच्या कडेला लग्नांसाठी एक रिसॉर्ट उभं राहिलं. काजूची निम्मी बाग तोडली, उतारावर गालिच्यासारखं गवत लावलं आणि ते कापायला बसून चालवायचं यंत्र आणलं. सगुणला तिथे चालक म्हणून घेतलं. त्या यंत्राला स्टिअरिंग नाही. दोन हातांत दोन दांडे, उजवा पुढे केला की डावीकडे वळतं. सपाटीवर ते बाळासारखं शहाणं असतं. उतारावर, त्यातून ओल्या गवतावर, चाकं सुटली की दांड्यांचं काही चालत नाही.

म्हणून बनवणाऱ्याने सीटच्या मागे, माणसाच्या डोक्याहून उंच आणि खीळ काढली की खाली पाडता येईल अशी लोखंडी कमान दिली आहे आणि कमरेला पट्टा दिला आहे. यंत्र उलटलं तर कमान जमिनीला टेकते, यंत्राचा भार झेलते आणि तिच्याखाली माणसापुरती पोकळी राहते. पट्टा माणसाला त्या पोकळीत धरून ठेवतो. दोन्ही मिळून एकच वस्तू आहे. चौथीतल्या मुलाला सांगितलं तरी समजेल. व्यवस्थापकाला समजायला मात्र जवळजवळ दोन आठवडे लागले.

नोव्हेंबरातली सकाळ. गवतावर दंव होतं. नवरानवरीचे फोटो काढणारे नऊला येणार होते, म्हणून व्यवस्थापक परेश आठ वाजताच सगुणच्या मागे लागला. हा परेश पेडण्याच्या कापडवाल्यांचा मुलगा. आजोबा त्याचे वार मोजताना एक बोटही कमी धरत नसत.

"परेशबाब, अर्धो तास थांब. दंव सुकांदी."

"काका, ऊन येईपर्यंत ते लोक येतील. वरवर फिरवा हो."

सगुणने फेरी मारली, पट्टा बांधला आणि निघाला. तिसऱ्या ओळीला, खालच्या चिऱ्यांच्या पायरीजवळ, मागचं चाक घसरलं आणि यंत्र आडवं होऊन उलटलं. कमान मातीत रुतली, वाकली, पण उभी राहिली. सगुण पट्ट्यात वटवाघळासारखा लोंबकळत होता. बागेत काम करणारा अभिजीत, चंदगडकडचा, धावत आला. तेव्हा सगुणचे पहिले शब्द होते, "पाता थांबला काय बघ रे आधी. मागीर माका सोडव."

कोपर खरचटलं. बाकी काही नाही.

आता पुढे काय व्हायला हवं होतं? वाकलेली कमान टाकून तशीच नवी आणायची. एकदा भार खाल्लेली कमान ठोकून सरळ करून चालत नाही, तिच्यातला जीव गेलेला असतो. झालं काय, तर श्रेय वाटायची चढाओढ लागली. सगुणची बायको अनुसया अनवाणी गावच्या राखणदार देवाकडे, राष्ट्रोळीकडे गेली. देवाने घोवाला राखलं, तेव्हा ज्याच्यामुळे राखलं ते त्याच्या पायांशी ठेवायचं, असा तिचा नवस. गावकऱ्यांसमोर गाऱ्हाणं घातलं आणि वाकडी कमान देवळाच्या बाजूला उभी केली. परेशने ती आनंदाने सोडली, रिसॉर्टच्या गाडीतून पोचतीही केली. वर रिसॉर्टच्या फाटकाजवळ सगुणचा फोटो लावला आणि खाली लिहिलं: सीट बेल्टने प्राण वाचवले. वरच्या कचेरीतून हुकूम आला, यापुढे पट्ट्याशिवाय कोणी यंत्रावर दिसता कामा नये.

देवाला श्रेय मिळालं, पट्ट्याला मिळालं. ज्या लोखंडाने भार अंगावर घेतला त्याची जागा सीटमागे रिकामी राहिली. पाचव्या दिवशी यंत्र धुऊनपुसून पुन्हा उतारावर गेलं. आणि सांगायला राग येतो, सगुणही त्यावर बसला. तीन दिवस बसला. देव आहे, पट्टा आहे, आणखी काय हवं, असं त्यालाही वाटलं.

बसायला लागल्यापासून चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या सोप्यावर आला. आमची घरं समोरासमोर. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं यंत्राचं पुस्तक त्याने माझ्यापुढे ठेवलं.

"ताय, ह्या वाच मगे. इंग्रजीत आसा."

"का रे? चार वर्षं वाचलं नाहीस, आजच काय झालं?"

"पाठ उघडी पडल्यासारखी वाटता. वळताना मागे बघतंय तर काय्येक नाय. आणि पट्टो आंग आवळता."

मी चष्मा लावला. उलटण्याविषयीचं पान बारावं. चौकट करून, ठळक अक्षरांत छापलेलं. कमान उभी असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे. कमान खाली पाडलेली किंवा काढलेली असेल तर पट्टा बांधू नये. पुढे आणखी एक वाक्य: कमान नसताना उतारावर यंत्र नेऊच नये. मी त्याला मराठीत वाचून दाखवलं. दोनदा.

 सगुणने डाव्या हाताची मूठ मांडीवर ठेवली आणि उलटलेल्या यंत्रासारखा उजवा तळवा वरून हळूहळू दाबत आणला. मूठ निसटायला बघत होती, पण त्याने मनगट मांडीला घट्ट धरून ठेवलं होतं.

"म्हणजे माका बांधून घातलोहा," तो म्हणाला. "उडी मारूक गेलंय तरी मारूक गावाची नाय."

दारात अनुसया उभी होती. ती घाबरून म्हणाली, "म्हणजे मी देवाक दिलंय तां चुकलां काय गे, ताय?"

"दिलंस ते बरोबर केलंस. वाकडी होती, भंगारातच जायची. पण तिच्या जागी दुसरी कोणी आणायची? राष्ट्रोळीने?"

दुसऱ्या दिवशी परेशने सगुणसमोर सहीसाठी कागद ठेवला: मी पट्टा नेहमी बांधीन, न बांधल्यास होणाऱ्या अपघाताला मी स्वतः जबाबदार राहीन. सगुणने तो घडी करून घरी आणला. मी वाचला आणि डोकं फिरलं. डिचोलीच्या एका खाणीच्या कचेरीत मी एकतीस वर्षं टंकलेखन केलं. अपघाताचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. ब्रेक नसलेला टिपर, रुंदी नसलेला रस्ता, आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी तेच दोन शब्द, चालकाचा निष्काळजीपणा. ते मी माझ्या बोटांनी छापले आहेत. तेव्हा नोकरी होती, आता नाही. चप्पल घातली आणि सगुणच्या स्कूटरवर मागे बसले.

परेशने खुर्ची दिली, पाणी मागवलं. "काकी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"त्रास मी बारावं पान वाचण्यापुरताच घेतला. तू तेवढाही घेतला नाहीस." पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने वाचलं. मान खाली होती तेवढा वेळ तो आजोबांसारखा दिसला. मग मान वर केली आणि संपलं.

"काकी, नवी कमान यायला सहा आठवडे. लग्न बारा तारखेला आहे. आणि खरं सांगू? ती उरलेल्या काजूंच्या फांद्यांना सारखी अडकायची. नाही तेच सोयीचं."

"कोणाच्या सोयीचं?"

"पट्टा आहे ना! पट्ट्यानेच वाचले काका. बाहेर बोर्ड लावलाय."

"मग तू बस. पट्टा बांध, त्या चिऱ्यांच्या पायरीपर्यंत जा आणि वळून ये. मी इथेच आहे."

"माझं ते काम नव्हे, काकी."

"आणि बांधून मरायचं काम याचं आहे? त्याच्या नेमणुकीच्या कागदात लिहिलंय तसं?"

एवढा वेळ सगुण उभाच होता. आता त्याने खिशातून तो कागद काढला, टेबलावर सपाट केला आणि बोट ठेवलं. "परेशबाब, हंय एक ओळ घाल. यंत्राक कमान नाय ह्या माका ठावक आसा, म्हणान. खाली तुझी सही कर. तिच्याखाली माझी करतंय."

परेशने पेन उचललं. टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"काका, हे असं लिहून देता येत नाही."

"मग माकाव येणा नाय." सगुणने यंत्राची चावी कागदावर ठेवली. "सपाटीर चलयतंय, पट्टो न बांधता. उतारार नाय."

परेश आता तापला. हुकूम हुकूम असतो, पट्टा नाही तर काम नाही, दुसरे चालवणारे मिळतात, वगैरे. त्याने अभिजीतला आत बोलावलं. अभिजीत चिखलाच्या हातांनी दारातच थांबला.

"उद्यापासून मशीन तू चालवायचं. दिवसाला जास्तीचे मिळतील."

अभिजीतने परेशकडे न बघता सगुणकडे पाहिलं. "सगुणदा का बसंनात?"

"उलाटला तर आंगार येतला," सगुण म्हणाला. "कमान नाय. आणि पट्ट्यान बांधलेलो आसतलंस."

"मग म्या न्हाई बसत, सायेब. त्यांना जमिनीचं कळतंय, मला झाडांचं कळतंय. आन घरात मी एकलाच मिळवता हाय."

"दोघेही घरी जा मग! उद्या येऊ नका."

गेले. अभिजीतची राहायची खोली रिसॉर्टचीच, म्हणून तो चार दिवस सगुणच्याच घरी राहिला. अनुसयेने दोघांना वाढलं आणि नवऱ्याला टोमणेही वाढले: "आता घरातल्या पाट्याभोवती प्रदक्षिणा घाल, तोव उलाटात." पण कामावर परत जा असं ती एकदाही म्हणाली नाही. शेजाऱ्यांपैकी दोघांनी मात्र शहाणपण शिकवलंच. मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं, इतकी माणसं असंच काम करतात. ही इतकी माणसं नेमकी कुठे आहेत, आणि त्यातली किती धड आहेत, असं मी विचारलं तर त्यांना एकदम घरची कामं आठवली.

गवताला हुकूम कळत नाही. रोज पाणी पिऊन उतार माजला. लग्नाची मंडळी जागा बघायला आली, वधूची आई उंच टाचांच्या चपलांनी त्या गवतात अडखळली आणि तिने परेशला तिथेच धारेवर धरलं. त्या संध्याकाळी परेशचे दोन फोन पुण्याला गेले आणि दोघांनाही कामावर परत बोलावायला एक सगुणला गेला.

सहा आठवड्यांची वस्तू सहा दिवसांत आली! पुण्याच्या दुकानात ती पहिल्यापासून पडूनच होती. कोणी विचारलंच नव्हतं. माणसाच्या मानेसाठी जो फोन झाला नाही तो फोटोंसाठी झाला, हे मला अजून पचत नाही. पचावं अशी इच्छाही नाही. सगुणकडे कोणी चुकलं म्हणालं नाही. "काका, आली तुमची कमान, खूश?" एवढंच. जशी काही त्याने हौसेची वस्तू मागितली होती.

पण त्या दिवशी मी गेले होते, ते बघायला. सगुणने कमान स्वतः बसवली. चारही बोल्ट घट्ट केले, अभिजीतला दोन्ही हातांनी लोंबायला लावून हलवून पाहिली. दंव सुकेपर्यंत थांबला. परेश घड्याळ बघत उभा होता. मग सगुणने फेरी मारली, बसला, पट्टा लावला आणि उताराला लागला. पहिल्या काजूपाशी यंत्र थांबवलं, पट्टा सोडला, उतरला, कमान खाली पाडली, झाडाखालच्या सपाटीवरून पट्टा न बांधता यंत्र हळूहळू फांदीखालून नेलं, पुन्हा उतरला, कमान उभी केली, खीळ घातली, चढला, पट्टा बांधला. दुसऱ्या काजूपाशी तेच.

परेशला राहवलं नाही. "काका, असं किती वेळा चढउतार करणार? अशी अकरा झाडं आहेत!"

"मग अकरा वेळा," सगुण म्हणाला आणि तिसऱ्या झाडापाशी उतरला.