सुमनच्या आधीचा 'इन'

बागेतल्या नव्या बाकावर नाना रोज संध्याकाळी एका टोकाला बसतात. बाक त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या सुमनकाकूंच्या नावाचा आहे. पाटीचा मजकूर लिहिण्याचा मान माझा होता. मी कागदावर लिहिलेला मजकूर घसा खाकरून, नाटकी थाटात नानांना वाचून दाखवला, "इन लव्हिंग मेमरी ऑफ सुमन!"

"अरे, पण सुरुवातीला सुमन कुठाय?"

"शेवटी आहे की, नाना. इंग्रजीत 'इन', 'ऑफ' हे चोपदार पुढे चालतात. महाराणी मागून येतात."

नाना हसले. "मागून? ही? पंगतीलासुद्धा सगळ्यांच्या आधी बसायची रे!"

मग त्यांनी 'ऑफ' आणि 'सुमन' यांच्यामधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि ही फट कसली?"

इंग्रजीतले हे शब्द असे सुटे, नावापासून अंतर राखून उभे राहतात. आपल्याकडे ते नावामागून येतात आणि त्याला घट्ट बिलगतात. हे मी सांगितलं, तेव्हा नानांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

"मग आपल्यातलंच लिही," ते म्हणाले.

आता पाटीवर 'सुमनच्या आठवणीत' आहे. नाव सर्वांत आधी, 'च्या' त्याला बिलगून, मध्ये फट नाही.

ती पाटी बाकावर आहे, नानांच्या शेजारी, सुमनकाकूंच्या जागी.