सॅक्सोफोनचा लांब सूर आणि तलावातलं जाळं

मंडळी, आज सकाळी वाटलं, आता तलावावरूनही मला सॅक्सोफोनसकट हाकलणार.

ब्रह्मपुरीत शेजाऱ्यांनी हात जोडले, तेव्हापासून मी गावाबाहेर तलावाच्या पाळीवर जाऊन वाजवते. आमचे सर म्हणतात, आधी रोज एकच सूर दम पुरेल तितका लांब धरायचा, गाणी नंतर. भयंकर कंटाळवाणं काम आहे. आज मी ते टाळलं आणि थेट वरातीतलं एक गाणं वाजवायला घेतलं.

समोर ढीवर मंडळी पाण्यात उतरून जाळं ओढत होती. थोड्याच वेळात त्यांच्यातले सुखदेवभाऊ ओल्या कपड्यांनिशी माझ्याकडे आले. वाटलं, माझ्या आवाजाने मासे पळाले असणार.

"बाई, आज तो लांबवाला सूर काऊन नाई वाजवून राह्यल्या?"

"तो कशाला हवाय?" मी सॅक्सोफोन तोंडातून काढून विचारलं.

"आमी त्याच्यावरच जाळं वढतो ना. सूर चालू आहे तवर साऱ्यायनं मिळून वढाचं, तुमी दम घेतला का आमीबी दम घ्याचा. आजच्या गान्यात कोनी वढते, कोनी थांबते. जाळं वाकडं होऊन राह्यलं."

इतकं हायसं वाटलं की आधी हसूच आलं. मग तोच कंटाळवाणा सूर धरला. जाळ्याची दोन्ही टोकं सोबत पुढे सरकली. माझा दम संपत आला होता, पण समोर माणसं ओढत होती, म्हणून सूर सोडला नाही. घरी एकटीने इतका लांब सूर कधीच जमला नव्हता.

तुम्ही रियाज टाळता, तेव्हा कोणाचं जाळं वाकडं होतं?