दोन सुमन सावंत

पेशंटची नोंद बदलायची असली की नलूताई सावंत कॉम्प्युटरला द्यायची ‘अपडेट’ची आज्ञा शेवटाकडून लिहायच्या. काय बदलायचं ते मागाहून. कोणाचं बदलायचं ती ‘वेअर’ची ओळ, म्हणजे अट, आधी. तीच अट लावून आहे ती नोंद पडद्यावर काढायच्या, ओठ हलवत नाव वाचायच्या आणि मगच बदल करायच्या. परळच्या एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. मी घाई केली की म्हणायच्या, “अगो, अट विसरलीस तर एका फटक्यात सगळे पेशंट घरी सोडशील. आधी बघ, मग बदल.”

याहून जास्त बोलणं नाही. लालबागच्या चाळीत त्या आणि थोरली बहीण सुमन, दोघीच राहायच्या. लग्न कोणीच केलं नव्हतं. सुमनताईंना आमच्याच इस्पितळात दाखल केलं, तेव्हाही विभागात ते फक्त मला ठाऊक होतं.

त्या दुपारी वॉर्डांतले कॉम्प्युटर बंद पडले होते, म्हणून नोंदी फोनवरून आमच्याकडे येत होत्या. एक फोन नलूताईंनी घेतला. पलीकडे नवा क्लार्क होता. नाव सुमन सावंत. ‘दाखल’ काढून ‘मृत’ करायचं. नलूताईंनी नावाची अट लिहिली. पडद्यावर दोन ओळी आल्या. वयंही जवळपास सारखी.

“ताई, उठा. मी करते,” मी म्हटलं.

त्यांनी हातानेच मला थांबवलं. फोनवर म्हणाल्या, “पेशंट नंबर वाचा.” त्याने वाचला. “परत वाचा.”

त्यांचीच सुमन होती. त्यांनी अटीतलं नाव खोडून नंबर घातला आणि बटण दाबलं. एक नोंद बदलली, असं पडद्यावर आलं. मग पर्समधून मोबाईल काढला. वॉर्डाने त्यांना केलेले फोन त्यावर दिसत होते. “सायलेंटवर राहिला गो,” एवढं म्हणून त्या वॉर्डाकडे गेल्या.

बहिणीचं दिवसकार्य झाल्यावर त्या कामावर आल्या. मी विचारलं, “तुम्ही स्वतः कशाला केलंत?”

“त्या दुसऱ्या सुमनची माणसं खाली बसली असणार. चुकून तिची नोंद बदलून त्यांना बोलावलं असतं तर?”

पुढच्याच आठवड्यात त्या दुसऱ्या सुमनबाईंना घरी सोडलं. नलूताई काम टाकून खाली गेल्या, मीही मागोमाग गेले. त्या फाटकाशी लांब उभ्या होत्या. सुनेने सासूला टॅक्सीत बसवलं, मुलगा डिकीत पिशव्या भरत होता, पुढे कोण बसणार यावर नातवंडांची भांडणं चालली होती. टॅक्सी हिंदमाताकडे वळेपर्यंत नलूताई पाहत राहिल्या.

“केवढी माणसं आली होती गो न्यायला,” त्या म्हणाल्या.

काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर लालबागपर्यंत चालत गेले. दाराशी त्यांनी कुलूप काढलं. मी आत येईन असं त्यांना वाटलं असावं. मला उशीर झाला होता.

“ये हां कधीतरी,” त्या म्हणाल्या आणि अंधाऱ्या खोलीत हाताने दिव्याचं बटण चाचपत राहिल्या.