नाशिकहून मोंबासाला गेलेली माणसं

मी दोहाला निघाले तेव्हा बाबा नाशिकच्या घराच्या फाटकापर्यंत आले. "नीट जा," एवढंच म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच घरात वळले. माझं जाणं त्यांना पटलं नव्हतं. पुढे फोनवरही हवापाण्याचंच बोलायचे.

इथं दोहाच्या फरीज बिन ओमरान भागात संसार मांडला. मुलाला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ऑफिसात इंग्रजी, हिंदी, मधूनच अरबी यल्ला, खलास. गाव विचारलं की मी आपली 'नियर मुंबई' म्हणून मोकळी व्हायचे.

केनियातल्या मोंबासाची ग्रेस आमच्या अकाउंट्समध्ये नवीन आली. डबा खाताना तिनं गाव विचारलं आणि का कोण जाणे, मी नाशिक म्हणाले. तिचा घास हातातच राहिला.

"मग मला सांग," तिनं इंग्रजीत विचारलं, "गप बस म्हणजे काय?"

मी हसतच सुटले. ती हसली नाही. पोरांनी दंगा केला की तिची आजी हेच म्हणायची. अर्थ घरात कुणालाच ठाऊक नव्हता; शब्द खापरपणजोबांचे, एवढंच माहीत. लहानपणी त्यांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलं होतं. इंग्रजांनी भर समुद्रात जहाज अडवून पोरांना सोडवलं, मुंबईला उतरवलं. तिथून ते नाशिकला, शरणपूरच्या मिशनमध्ये आले. मराठी बोलत वाढले, सुतारकाम शिकले. मग त्यांची रवानगी मोंबासाला, सुटका झालेल्या गुलामांच्या वस्तीत झाली. मालकाकडून पळालेले लोकही तिथं आसऱ्याला यायचे. नाशिकच्या या माणसांनी त्यांना घरं बांधून दिली, मुलांना शिकवलं.

"पण तिथले लोक त्यांना हिंदुस्तानातलेच म्हणायचे," ग्रेस म्हणाली, "आणि मिशनच्या गोऱ्या साहेबांनी कधी बरोबरीचं मानलं नाही."

सुट्टीत मी तिला नाशिकला नेलं. बाबा स्वतः आम्हाला शरणपूरला घेऊन गेले. दुकानं, क्लासेस, लावलेल्या गाड्या. तिच्या खापरपणजोबांची अशी खूण कुठेच सापडली नाही. रस्त्याच्या कडेला ग्रेस चपला काढून नुसती उभी राहिली. बाबा उन्हात तिच्याशेजारी थांबले, घाई न करता.

परतताना गल्लीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "पाहुण्या कुठल्या?"

"पाहुणी कसली? इथलीच आहे," बाबा म्हणाले. "हिची माणसं लांब गेली होती, एवढंच."

बोलले ते ग्रेसबद्दल, पण माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आपण कितीही लांब राहिलो तरी जिथं कुणी आपल्याला असं सहज 'इथलीच' म्हणतं, ते आता मला घर वाटतं.