अंगठ्याखालची दोन अक्षरं

री-बाबूंच्या हातात इंग्रजी कागद दिला की ते आधी त्यावर अंगठा ठेवत. तो उमटवायला नव्हे, वाचायला. शब्द 'आर-ई'ने सुरू होत असेल तर ती दोन अक्षरं अंगठ्याखाली झाकायची, उरलेला शब्द मोठ्यानं म्हणायचा आणि अंगठा उचलून जाहीर करायचं, "री लागला! म्हंजे हे परत होते!" कुणी हसलं तर म्हणत, "माहा बाप कागदाच्या खाली अंगठा लावे. मी अक्षरावर लावतो. येवढाच फरक."

भरवेलीच्या मँगनीज खाणीत ते हाजरीबाबू होते. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी शिकले ते ऑफिसातल्या नोटिसा वाचून आणि बालाघाटच्या दुकानांच्या पाट्या न्याहाळून. सायकलच्या दुकानावर 'रिपेअरिंग' दिसलं तर तिथंच उतरायचे. "पेअर म्हंजे जोडी. सुटलेली जोडी परत लावणं. काय डोकं लावलं राजा या इंग्रजायनं!" असे शब्द ते हाजरीच्या जुन्या रजिस्टरात लिहून ठेवत. 'रेकॉर्ड'पुढे मात्र त्यांनी लिहिलं होतं, 'कॉर्ड म्हंजे काय? विचारणे.'

नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या आमच्या वस्तीतल्या पहिल्या लोकांपैकी ते एक. एकदा कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "बाबू, हा तुमचा री-जन्मच म्हणायचा का?" नेहमी 'री'साठी टपून बसलेला हा माणूस तेव्हा गंभीर झाला. "नाही," ते म्हणाले. "याले री लागत नाही. हे पहिल्यांदाच झालं."

मी मॅट्रिक झाले ते त्यांच्याच ओट्यावर अभ्यास करून. नागपूरला नर्सिंग शिकायचं माझ्या मनात होतं, आणि बाबांनी एकाच अर्जाची परवानगी दिली होती. नाही जमलं तर खैरलांजीचं स्थळ तयारच होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला लग्न नको होतं, इंजेक्शन द्यायला शिकायचं होतं.

उत्तराचं पाकीट आलं तेव्हा वस्तीतल्या नळावर बायांची गर्दी होती. मी पाकीट न फोडताच री-बाबूंकडे पळाले. त्यांनी कागद उलगडला. पहिल्याच ओळीत शब्द होता 'रिग्रेट'. अंगठा बसला.

"ग्रेट!" ते ओरडले. मग जरा वाकून म्हणाले, "मधला 'ए' टायपिस्टनं खाल्ला वाटते. पण री-ग्रेट! माय, तू मॅट्रिकले ग्रेट झालीच होती, आता परत ग्रेट!"

आता हसू येतं, पण तेव्हा कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही. आमचं इंग्रजी त्यांच्याच अंगठ्याखालून आलेलं, आणि शिवाय मला तेच ऐकायचं होतं. आईनं नळावरच गूळ-फुटाणे वाटले. बाबांनी ट्रंक रंगवायला काढली.

तीन दिवसांनी, कधी हजर व्हायचं ते विचारायला मी पत्र घेऊन बालाघाटला आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि हळूच म्हणाल्या, "सुमन, यात त्यांनी खेद कळवलाय. तुला घेतलं नाही." परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. मला भयंकर राग आला होता, आणि तो सगळा री-बाबूंवर होता.

मी काही बोलायच्या आतच ते संध्याकाळी आमच्या दारात उभे. मोठ्या बाईंनी खाणीच्या ऑफिसात फोन केला होता, त्यामुळे बातमी माझ्याआधी पोचली होती. खाली बसायला तयार नव्हते. बाबांना म्हणाले, "भाऊ, चूक माही हाय. पोरीची नाही. मले एक साल द्या."

"आता काहून? खैरलांजीवाल्यायले काय सांगू?" बाबा चिडून म्हणाले.

"सांगा, एक म्हातारा चुकला, अन् सुधरून राह्यला."

बाबांनी रंगवायला काढलेली ट्रंक भिंतीशी सरकवली. मग म्हणाले, "हौ. पण एकच साल."

दुसऱ्या दिवशी री-बाबू बालाघाटहून जाडजूड डिक्शनरी घेऊन आले. तेव्हापासून नियम बदलला: अंगठा आधी, डिक्शनरी नंतर. त्या वर्षी आम्ही रोज शब्द पडताळले. 'रिजेक्ट', 'रिफ्यूज', कितीतरी शब्दांनी त्यांना दगा दिला होता. प्रत्येक फसव्या शब्दावर ते चिडत नसत, नवल करत. "पाह्य ना, चेहरा तोच, पण घरचा नाही!" पुढच्या साली माझा अर्ज त्यांनी स्वतः पोस्टात टाकला. म्हणाले, "हा मात्र खरा री. री-अप्लाय."

यावेळी पत्रात 'रिग्रेट' नव्हतं.

ते निवृत्त झाले तेव्हा मी नागपूरला नोकरी करत होते. सुट्टीत भेटले तर भलतेच वैतागलेले. "टायर म्हंजे थकणं. री-टायर म्हंजे परत थकणं. अवं, मी पहिल्यांदा कवा थकलो?" ही त्यांची माझ्याशी शेवटची भेट. ते गेले तेव्हा मी ड्युटीवर होते, पोचू शकले नाही. त्याची हळहळ अजून जात नाही.

नंतर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, ते रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. मी आधी 'रिग्रेट' शोधला. 'परत ग्रेट' यावर रेघ मारून पुढे लिहिलं होतं, 'चूक. खेद होणे.' त्याखाली वेगळ्या शाईत, बहुधा मी नर्स झाल्यावर, आणखी एक ओळ होती:

'सुमनच्या बाबतीत पहिला अर्थच बरोबर. रेघ खोडावी.'