साहेबाची कात्री आणि नवरात्राचा दिवा

नवरात्राच्या सातव्या दिवशी घरातला अखंड दिवा मी विझवला. वाऱ्याने नाही, तेल संपून नाही; मी, माझ्या हाताने, भर दुपारी, आणि तेही त्याची काळजी घेताना.

तेव्हा मी आमगाव स्टेशनात मालबाबू होतो. बायको पंधरा दिवस तापाने फणफणत होती. कोयनेलच्या पुड्या चालू होत्या, पण ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शेवटी देवीपुढे नऊ दिवस ज्योत अखंड ठेवण्याचा नवस बोललो. बायको पडल्यापडल्या त्या ज्योतीकडे बघत राहायची. "ही आहे तोवर मी आहे," असं ती एकदा म्हणाली आणि माझी झोप उडाली. लेकीच्या सेवेला आलेल्या सासूबाई काजळी झाडत त्या जुन्या रीतीने: आधी अखंड दिव्यावरून शेजारी एक पणती लावायची, मग पितळी काडीने वात जराशी पुढे सारायची, काजळी पाडायची, ज्योत स्थिरावली की पणती शांत करायची. मला हा वेळकाढूपणा वाटे. कारण माझ्याकडे कात्री होती.

विलायतेला परत जाणाऱ्या एका रेल्वेसाहेबाने ती मला भेट दिली होती. मेणबत्तीची जळकी वात कापायची कात्री. पात्यावर लहानशी डबी, कापलेला तुकडा तिच्यात पडून विझावा म्हणून, आणि खाली तीन इवलेसे पाय. आमच्या घरात मेणबत्ती कधी लागली नाही, तरी मी दर रविवारी ती चिंचेने घासत असे. त्या दुपारी सासूबाई विहिरीवर गेल्या, ज्योतीवर काजळी दिसली आणि माझे हात शिवशिवले. पणती कशाला, एका क्षणाचं तर काम. डबी ज्योतीवर मिटली. कात्रीने आपलं काम चोख केलं, उरलेली वात तेलात बुडाली.

बायकोचा डोळा लागला होता, एवढंच नशीब. ती जागी व्हायच्या आत गुपचूप नवी ज्योत लावावी म्हणून काडेपेटी घेतली. ती सर्दलेली. एक काडी मोडली, दुसरीचा गूल उडाला, तिसरी नुसती धुरकटली. देवीला फसवायला निघालेल्या माणसाला काडीसुद्धा धड ओढता येऊ नये, याची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

"काऊन बाबू, काड्या काऊन मोडून राहिलास?"

दारात मोहाचं तेल विकणारी गोंड बाई उभी. ती यायची बाजाराच्या दिवशी, आणि तो बाजाराचा दिवस नव्हता. देवीला दारात माणूस उभं करायचंच होतं, तर हिलाच का, असं मनात आलं. कारण घटस्थापनेला हिने आपल्या घरच्या देवासाठी आमच्या दिव्यावरून ज्योत मागितली होती आणि मी ऐटीत म्हणालो होतो, अखंड ज्योत उंबऱ्याबाहेर जात नाही.

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती हसली नाही. "तुह्या सासूनं मांगच्या दारानं देल्ली ना मले. माह्या घरी जळून राहिली. थांब."

ती नाल्यापलीकडच्या आपल्या टोल्यावर, चार झोपड्यांच्या वस्तीवर गेली. अर्धा तास मी बायको आणि दिवा यांच्यामध्ये धोतराचा सोगा पसरून उभा होतो. मग ती आली, गाडग्यात पणती, वर पळसाची पानं. नवी वात लागली. "पण खंड पडला ना?" मी विचारलं.

"दिवा तुहा इझला. ज्योत कोठी इझली?"

त्या संध्याकाळी बायकोला दरदरून घाम सुटला. ताप गेला तो परत आला नाही. पुडीने गेला की ज्योतीने, हे मी कोणाला विचारायला गेलो नाही. दसऱ्याला त्या बाईच्या दारी जाऊन हात जोडून आलो. मी दार लावून घेतलं होतं तिथूनच कृपा आली, हे मात्र मनातून जात नाही.

दसऱ्याच्या रात्री जेवताना सासूबाईंना कात्रीपासून सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आता मला कळलं. मी सगळं देवीवर सोडलं."

सासूबाईंनी ताटात भात वाढला. "तुमी कोठी सोडलं, जवाईबापू? तुमच्या हातातून काढून घ्या लागलं."